तीस मीटर

उपळेकर मॅडमच्या कपाटात एक चित्र आहे, लॅमिनेट केलेलं.
शहाण्णवच्या ऑक्टोबरातली ठाण्याची खाडी.
त्यासाठी वर्षभर अर्ज, तीन सह्या, डिमांड ड्राफ्ट,
आणि शेवटी स्वतःच्या दोन पगारांची भर.
टपालाने नळकांडं आलं. उलगडलं,
तर बेलापूरवर नेमका ढग.
हवा होता तेवढाच भाग झाकलेला, असं त्या अजून सांगतात,
लग्नात रुसलेल्या विहिणीबद्दल सांगावं तसं.

मला काहीच करावं लागलं नाही.
ऐरोलीच्या खोलीत नाव आणि ईमेल भरला,
रात्री डाउनलोडला लावलं आणि झोपले.
सकाळी कुकरची तिसरी शिट्टी होईस्तोवर
छत्तीस वर्षांची खाडी लॅपटॉपमध्ये उतरलेली.
किंमत: शून्य.
आईला खरं वाटेना.
फुकट कोण देतं, म्हणाली, नीट वाच,
खाली बारीक अक्षरात काहीतरी असेल.
होतं. एवढंच, की वापरलंत तर श्रेय द्या.

एक ठिपका म्हणजे तीस मीटर बाय तीस मीटर.
त्यात मावतं: दिवाळे गावातली सहा-सात घरं,
वाळत घातलेली जाळी, एक उलटी होडी,
आणि सगळ्यांचा मिळून एकच रंग, सरासरी.
तिवरं लाल दिसतात, कारण आम्ही तसं ठरवलंय.

अकरा ठिपके ऐकेनात.
नव्याण्णवपर्यंत लाल, मग राखाडी, मेलेले,
आणि दोन हजार चारनंतर
गुलाबी होत होत पुन्हा लाल.
प्रोग्राम तपासला. ढगांच्या सावल्या तपासल्या.
शेवटी ओहोटीची वेळ बघून दिवाळ्याला गेले.

पदीबाई गुडघाभर चिखलात निवट्या शोधत होती.
टॅब दाखवला तर हसत सुटली.
"तिवर तांबडा? मंग कुकू कंच्या रंगाचा लावतंस?"
अकरा ठिपके मोठे करून दाखवले
तेव्हा हसायची थांबली.
"भराव टाकून रस्ता केला. पानी यायचा बंद झाला.
तिवरा वालली, चिंबोऱ्या गेल्या.
अर्ज दिलं. कोन वाचतं?
मंग एके आवसेचे राती आमी धा-बारा बाया,
पारया घेऊन..."
आणि दोन हातांनी दाखवलं, केवढं.
हंडा जाईल एवढं भोक.
"लिवू नको हां."

उपग्रह तेव्हाही वरून जात असणार,
दर सोळा दिवसांनी, न चुकता,
पण सकाळी, ऑफिसं उघडायच्या वेळेला.
अवसेच्या रात्रीचं त्याच्याकडे काही नाही.

प्रबंधात लिहिलं:
भरतीचा प्रवाह पूर्ववत झाल्याने पुनर्वाढ.
मॅडमनी समासात पेन्सिलीने विचारलं, कशामुळे?
खोडरबर हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते.
ऋणनिर्देशात अंतराळ संस्थेचं नाव पहिलं आहे,
मग मॅडम, मग आई, मग ग्रंथालयातले शिपाई.

निवट्यांचे पैसे पदीबाईने घेतले नव्हते.
फोटू आन, म्हणाली होती.
तर सेक्टर अकराच्या दुकानात रंगीत प्रिंट काढली,
ऐंशी रुपये, प्लास्टिकच्या पिशवीचे दोन वेगळे.
लुगड्याला हात पुसून तिने कागद धरला,
सुलटा केला, उलटा केला.
"माजा घर खय?"
मी बोट ठेवणार, तेवढ्यात
तिचाच अंगठा पडला तिथे,
ओला, एक खवला चिकटलेला,
आणि अख्खं गाव, जेटीसकट, त्याखाली गेलं.